क्रमांक सोळाची नोंदवही

कोळी म्हटला की आपणा मराठी वाचकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे दिवाळीच्या आधी घरात फिरणारी लांब दांड्याची केरसुणी, आणि दुसरी म्हणजे शाळेच्या पुस्तकातला स्कॉटलंडचा राजा ब्रूस. पहिल्या प्रसंगी कोळ्याची जळमटे जातात. दुसऱ्या प्रसंगी कोळी पुन:पुन्हा पडतो, पुन:पुन्हा चढतो आणि गुहेत लपलेल्या पराभूत राजाला प्रयत्नांती परमेश्वर भेटतो हे शिकवतो. म्हणजे कोळी हा एकतर केर, नाहीतर उपदेश. तिसरे काही तो असू शकतो, हे आपल्या गावीही नसते.

मला आज ज्या कोळ्याविषयी लिहायचे आहे, तो या दोन्हींत बसत नाही. तो छताला जाळे विणत नाही, त्यामुळे केरसुणीची त्याला भीती नाही. तो पडत नाही, कारण तो मुळी चढतच नाही. जमिनीत एक बीळ खणावे, त्याला झाकण बसवावे आणि उभा जन्म त्या झाकणाखाली काढावा, एवढाच त्याचा व्यवसाय. राहतो आपल्यापासून हजारो मैल दूर, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात. त्याचे शास्त्रीय नाव 'गायस व्हिलोसस'. 'व्हिलोसस' म्हणजे केसाळ. सिडनीच्या संग्रहालयातील कीटकतज्ज्ञ विल्यम जोसेफ रेनबो यांनी १९१४ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे चार तज्ज्ञ सोडले तर त्याला कोणी ओळखत नव्हते. आणि तरीही मला असे वाटते की, आपण महाविद्यालयात जे शिकतो व ज्या रीतीने शिकतो, त्यावर बोलायला या कोळ्याइतका चांगला साक्षीदार मिळणे कठीण आहे.

प्रथम त्याचे घर पाहू. इंग्रजीत या जातकुळीला 'ट्रॅपडोअर स्पायडर' म्हणतात. आपण झाकणाचा कोळी म्हणू. बिळाच्या तोंडावर माती आणि रेशीम यांचे एक झाकण असते. एका बाजूला रेशमाचीच बिजागरी. झाकण मिटले की वरून काही कळत नाही. जमीन ती जमीन. झाकणाच्या कडेला हा कोळी वाळक्या काड्या चिकटवतो, अशा की त्या बिळाभोवती पंख्यासारख्या पसरलेल्या दिसाव्यात. रात्री तो झाकणाखाली येऊन बसतो. एखादी मुंगी, एखादा भुंगेरा काडीला अडखळला की ती हालचाल त्याच्या पायांपर्यंत पोचते. झाकण उघडते, मिटते, आणि मुंगी नाहीशी झालेली असते. काड्यांमुळे बाहेर न पडता त्याचा हात लांबवर पोचतो. बिळाच्या आतही एक युक्ती आहे. रेशमाचे अस्तर पायमोज्यासारखे सैल असते आणि त्याच्यामागे खाल्लेल्या किड्यांचा कचरा, माती वगैरे साठवलेली असते. घोण किंवा विंचू आत शिरला तर कोळी हा मोजा खाली ओढून घेतो. वरचा कचरा ढासळतो, बीळ मध्येच बुजल्यासारखे दिसते आणि घरमालक खालच्या खोलीत सुखरूप राहतो. घरातला केरसुद्धा संरक्षणाच्या कामी लावणारा हा प्राणी आमच्या दिवाळीच्या साफसफाईकडे कोणत्या नजरेने पाहील कोण जाणे!

त्याचा जीवनक्रमही विलक्षण आहे. पावसाळी ओलाव्यात पिले आईच्या बिळातून बाहेर पडतात. इतर कित्येक कोळ्यांची पिले रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर तरंगत दूर जातात. ही पिले मात्र पायी निघतात आणि थोड्याच अंतरावर आपापले चिमुकले बीळ खणतात. तेच बीळ, शरीर वाढेल तसे, रुंद करीत न्यायचे. नर काही वर्षांनी वयात आला की मादीच्या शोधात बीळ सोडतो आणि त्या एकाच फेरीनंतर मरतो. मादी आपले बीळ सोडत नाही. ते मोडले तर डागडुजी करते, पण नवीन जागी जाऊन पुन्हा संसार थाटणे तिला बहुधा साधत नाही. (मादीला 'कोळीण' म्हणावे तर आपल्याकडे भलताच घोटाळा होईल, म्हणून मी 'मादी'च म्हणतो.) आणि एकीचे बीळ रिकामे झाले तर दुसरी त्यात राहायला येत नाही. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

१९७४ साली बार्बरा यॉर्क मेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी टॅमिन नावाच्या लहानशा गावाजवळील नॉर्थ बंगुला या राखीव झुडपी रानात या कोळ्यांचा अभ्यास सुरू केला. हा मुलूख त्यांच्या लहानपणाचा होता. त्या १९२९ साली जवळच्याच केलरबेरिन गावी जन्मल्या आणि टॅमिनच्या परिसरातील शेतावर वाढल्या. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठाची पीएच. डी. त्यांनी १९५६ मध्ये मिळवली; प्राणिशास्त्रात ती मिळवणाऱ्या तेथील त्या पहिल्या महिला. नुकतीच आईपासून वेगळी झालेली पिले जिथे बीळ खणून बसली होती, तिथे त्यांनी प्रत्येक बिळाशेजारी एक खुंटी रोवली आणि तिला क्रमांक दिला. सोळावी खुंटी ज्या बिळाशेजारी होती, त्यातल्या पिलाचे नाव पडले 'क्रमांक सोळा'. बस्स, नामकरणविधी संपला.

पुढे काय? पुढे बाई परत आल्या. पुन्हा पुढच्या वर्षी आल्या. त्याच्याही पुढच्या वर्षी आल्या. खुंटीपाशी वाकून झाकण पाहायचे: कड ताजी आहे का, काड्या नव्या चिकटवल्या आहेत का, आत कोणी आहे का. वहीत लिहायचे. पुढच्या खुंटीकडे जायचे. वर्षे गेली तसे नवे कोळी आले, नव्या खुंट्या आल्या. त्यांची संख्या शंभरावर गेली. बीळ सोडले जात नाही आणि दुसऱ्याचे बीळ कोणी घेत नाही, एवढ्या दोन गोष्टींवरून कळे की सोळाव्या खुंटीपाशी जी आहे ती तीच आहे. ना पायात वळे, ना पाठीवर रंग, ना यंत्र. एक खुंटी, एक वही आणि पुन्हा येणारे माणूस एवढेच साहित्य. आपल्याकडे याला चांगला शब्द आहे: वारी. फरक इतकाच की या वारीच्या शेवटी देऊळ नव्हते, बोटभर मातीचे एक झाकण होते.

हे बेचाळीस वर्षे चालले. १९७४ साली आपल्याकडे रेल्वेचा मोठा संप झाला होता. त्यानंतर आणीबाणी येऊन गेली, गिरणी संप झाला, दूरदर्शन रंगीत झाले, संगणक आले, मोबाईल आले; क्रमांक सोळा आपल्या झाकणाखाली होतीच. बाईंचे वय झाले तसे हे काम लिअँडा मेसन या तरुण संशोधिकेने पुढे चालवले. खुंटी रोवली गेली त्या वेळी मेसन यांचे नाव कोणत्याही विद्यापीठाच्या पटावर नव्हते. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी मेसन तिथे पोचल्या तेव्हा झाकणाला भोक पडलेले होते आणि बीळ मोडकळीला आले होते. त्याच्या सहा महिने आधीच्या फेरीत ती जिवंत होती. तिचे वय त्रेचाळीस धरले गेले. एप्रिल २०१८ मध्ये मेसन, ग्रँट वॉर्डेल-जॉन्सन आणि स्वत: बार्बरा मेन यांचा शोधनिबंध 'पॅसिफिक कॉन्झर्वेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात आला, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी बातमी दिली: जगातील सर्वांत वृद्ध कोळ्याचा मृत्यू. यापूर्वीचा उच्चांक मेक्सिकोतील एका टॅरंट्युला कोळ्याचा होता, अठ्ठावीस वर्षांचा. पुढच्या वर्षी, मे २०१९ मध्ये, बार्बरा मेन नव्वदाव्या वर्षी वारल्या.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. ती बातमी खरी होती, पण तिने मोजायची गोष्ट चुकवली असे माझे मत आहे. तिने कोळ्याचे वय मोजले. वस्तुत: त्या निबंधातली अद्भुत गोष्ट वहीचे वय ही आहे. क्रमांक सोळा ही तिच्या जातीतली सर्वांत म्हातारी होती की नाही, हे कोणी सांगावे? ती सर्वांत म्हातारी माहीत असलेली होती. शेजारच्या ज्या बिळापाशी कोणी खुंटी रोवली नव्हती, तिथे पन्नाशी गाठलेली एखादी बसली असेल तर तिला उच्चांकाच्या यादीत जागा नाही. शिवाय क्रमांक सोळा वार्धक्याने मेलीच नाही; तिच्या मरणाला एक परोपजीवी गांधीलमाशी कारण झाली असावी, असा अभ्यासकांचा निष्कर्ष. म्हणजे हा कोळी किती जगू शकतो, हा प्रश्न बेचाळीस वर्षांच्या अभ्यासानंतरही उघडाच आहे. इतक्या श्रमांनंतर एक प्रश्न अधिक स्पष्ट व्हावा, यालाच मी विद्या म्हणतो. परीक्षेत मात्र याला गुण मिळत नाहीत.

त्या गांधीलमाशीवरून आठवले. आपल्या घराच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यात मातीची घरटी करणारी कुंभारीण माशी सर्वांनी पाहिली आहे. ती कोळी किंवा अळी पकडून त्या मातीच्या कोठडीत कोंडते, वर अंडे घालते, आणि कोठडी लिंपून निघून जाते. काही दिवसांनी कोठडी फोडून बाहेर पडते ती नवी माशी. हे आपल्या पूर्वजांनी पाहिले होते. चांगले बारकाईने पाहिले होते. त्यावरून त्यांनी दृष्टान्त बांधला तो कीटक-भ्रमर न्यायाचा: कोंडलेला कीटक भीतीने भ्रमराचे अखंड ध्यान करतो आणि ध्यान करता करता स्वत:च भ्रमर होतो. अध्यात्मात या दृष्टान्ताचे जे काम आहे ते आहे. त्याबद्दल मला तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कोठडीत एक प्राणी गेला आणि दुसरा बाहेर आला एवढे पाहून झाल्यावर, मधल्या दिवसांत कोठडी फोडून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. फोडली असती तर दिसले असते की आत ध्यान नव्हे, भोजन चालू आहे. अंड्यातून निघालेली अळी त्या असहाय कीटकाला खाऊन मोठी होत असते. पाहणे अर्ध्यावर सोडून तात्पर्य काढण्याची ही आपली खोड जुनी आहे. ब्रूसचा कोळीही त्याच कारखान्यातला, फक्त तो माल परदेशी.

आणि म्हणूनच क्रमांक सोळाचे तात्पर्य काढायला जे उत्सुक असतील, त्यांना मी आधीच सावध करतो. मला स्पष्ट दिसते आहे की कोणीतरी म्हणेल, "पाहा, ही मादी त्रेचाळीस वर्षे घराचा उंबरा न ओलांडता राहिली. नर भटकला आणि मेला. ती घरात राहिली आणि जगली. निसर्गच सांगतो आहे." स्नेहसंमेलनातील वादविवाद स्पर्धांत याहून कच्च्या पुराव्यांवर टाळ्या मिळालेल्या आपण ऐकल्या आहेत. परंतु निसर्ग काही सांगत नसतो. आपणच त्याच्या तोंडी आपली वाक्ये घालतो. कोळ्याची मादी बीळ सोडत नाही, कारण कोरड्या, उष्ण मुलखात अंगातला ओलावा राखायला आणि शत्रूपासून वाचायला ते बीळच तिचे साधन आहे. त्यात ना सद्गुण, ना दुर्गुण. आणि उंबऱ्याचाच हिशेब मांडायचा तर पुरता मांडा. या सगळ्या गोष्टीत दुसरीही एक स्त्री आहे. ती घर सोडून त्या रानात गेली, पुन्हा गेली, आणि चार दशके जात राहिली म्हणूनच पहिलीची गोष्ट आपल्यापर्यंत आली. घरात राहणारीचे कौतुक करताना बाहेर पडणारीला विसरायचे, हे तर आपल्याला फारच चांगले जमते.

आपल्याकडे असे कोळी आहेत का? आहेत. गायस ज्या 'इडिऑपिडी' कुळातला, त्याच कुळातले कोळी सह्याद्रीच्या परिसरातही झाकणाची बिळे करून राहतात. 'इडिऑप्स बॉम्बेएन्सिस' या जातीच्या तर नावातच मुंबई आहे. मात्र तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले ते २००५ साली. भारतातील कोळी-विंचवांवरचा पहिला मोठा ग्रंथ 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत १९०० साली निघाला. लेखक रेजिनाल्ड पोकॉक, लंडनच्या संग्रहालयातले. म्हणजे त्या ग्रंथानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी मुंबईच्या नावाचा एक कोळी शास्त्राच्या दप्तरी लागला. तोही नावापुरता. नाव लागणे आणि चरित्र कळणे यांत फार अंतर आहे. नाव द्यायला बाटलीत ठेवलेला नमुना पुरतो; चरित्राला खुंटी लागते, वही लागते आणि परत येणारे माणूस लागते. गायसचेच पाहा ना! नाव १९१४ चे, पण त्या बिळाचा मोजा कसा काम करतो, काड्या कशासाठी असतात, मादी किती वर्षे एका जागी राहते, हे कळायला पुढे मेनबाई याव्या लागल्या.

आपल्यात ही कुवत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. अलिबागजवळच्या किहीमला १९३० साली सालिम अली महिनोन्महिने सुगरणीची घरटी पाहत राहिले. नर घरटे अर्धे बांधतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच आत राहते, आणि मग नर दुसरे घरटे बांधायला घेऊन दुसरी मादी मिळवतो, हा उलगडा त्यातून झाला. सुगरणीचे घरटे त्या आधी कोणी पाहिले नव्हते काय? सर्वांनी पाहिले होते. तिच्या कारागिरीचे कौतुकही केले होते आणि त्याचे श्रेय बिनदिक्कत मादीला देऊन टाकले होते. आपल्या भाषेतले तिचे नावच पाहा. पाहायला थांबले ते एकटे सालिम अली.

कोणी विचारील, हे सगळे ठीक, पण या कोळ्याचा उपयोग काय? उपयोगाच्या प्रश्नाला मी टाळणार नाही. टॅमिनचा मुलूख ऑस्ट्रेलियाच्या 'गव्हाच्या पट्ट्या'त येतो. विसाव्या शतकात तिथले मूळचे झुडपी रान मैलोन्मैल तोडून गव्हाची शेते केली गेली. खोल मुळांची झाडे गेली, जमिनीखालचे पाणी वर चढू लागले आणि त्याबरोबर जमिनीतले मीठही वर आले. कित्येक शेते खारावून पांढरी पडली. मूळ रानाचे तुकडे शिल्लक राहिले ते बेटांसारखे. नॉर्थ बंगुला हा असाच एक तुकडा. आता ज्याची पिले वाऱ्यावर जात नाहीत, पायी चार पावले जाऊन बसतात, त्या प्राण्याचे अशा बेटावर काय होते? पक्षी उडून दुसरीकडे जातो. ससा पळतो. हा कोळी जिथे आहे तिथेच राहतो किंवा संपतो. आणि एकदा एका तुकड्यातून संपला की मधली शेते ओलांडून पुन्हा तिथे येत नाही. म्हणून ज्या जमिनीत त्याची म्हातारी बिळे सापडतात, ती जमीन कित्येक वर्षे कोणी मुळापासून उलथलेली नाही, असे खुशाल समजावे. जमिनीच्या मालकीचा उतारा तलाठ्याकडे मिळतो. तिच्या शांततेचा उतारा असा कोळी देतो.

या दृष्टीने पाहिले की आपल्याकडचे प्रश्न वेगळे दिसू लागतात. माळरानाला कागदोपत्री 'पडीक' म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. जिथे झाड नाही आणि पीक नाही तिथे काहीच नाही, अशी आपली समजूत. मग तिथे जेसीबी फिरवायला कोणाची हरकत? सपाटीकरण झाले, मुरूम पसरला, जागा 'विकसित' झाली. तिथे खाली बंद झाकणाआड कोणी वीस-तीस वर्षे बसलेले होते काय, याची चौकशी होत नाही. कारण चौकशी करायला आधी कोणीतरी तिथे नोंद केलेली असावी लागते. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसानही नाही. कज्ज्यातला हा नियम निसर्गालाही लागू आहे, हे मला या बाबतीतले सर्वांत मोठे संकट वाटते.

दुसरा आक्षेप माझे मित्र घेतील. "तू कला शाखेचा. तुला हा प्राणिशास्त्राचा उपद्व्याप कशाला?" याला माझे उत्तर असे की, क्रमांक सोळाच्या अभ्यासात प्रयोगशाळेपेक्षा जास्त काम कला शाखेच्या गुणांनी केले आहे. एकच जागा ओळखणे, तिच्यात झालेला बारीक बदल शब्दांत पकडणे, तारीख घालून स्वच्छ लिहिणे, आणि आपले लिहिणे दुसऱ्याला वाचता येईल असे ठेवणे: हे इतिहासाच्या, भूगोलाच्या, भाषेच्या विद्यार्थ्याचे काम आहे. खुद्द बार्बरा मेन यांनी शास्त्रीय निबंधांबरोबर आपल्या मुलखावर ललित अंगाने जाणारी पुस्तके लिहिली. १९६७ चे 'बिट्वीन वॉजिल अँड टॉर' हे त्यांतले एक. वॉजिल म्हणजे तिथली बाभूळवर्गीय झुडपांची राने आणि टॉर म्हणजे उघडे खडक. या दोहोंमधल्या जमिनीवर वर्षभर काय काय घडते, ते त्यात आहे. शास्त्र आणि साहित्य यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधली आहे आणि जिच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र इमारती व दोन स्वतंत्र कँटीन आहेत, ती भिंत त्या बाईंच्या गावी नव्हती.

खरी अडचण निराळीच आहे आणि ती आपल्या शिक्षणाच्या घडणीत आहे. आपले सत्र सहा महिन्यांचे. प्रकल्प म्हणून जे काही करायचे ते त्या सहा महिन्यांत करून, बांधणी करून, सही घेऊन द्यायचे. पुढच्या वर्षी नवी तुकडी, नवा विषय, नवी बांधणी. जुने प्रकल्प कपाटात, कपाट भरले की पोत्यात, आणि पोते कुठे जाते ते रद्दीवाल्याला ठाऊक. प्राध्यापकांचेही फारसे वेगळे नाही. त्यांना दरवर्षी निबंधांची संख्या दाखवावी लागते. बेचाळीस वर्षांनी एक निष्कर्ष हाती येईल असे काम आज एखाद्या प्राध्यापकाने मांडले, तर त्याच्या बढतीच्या अर्जात ते कोणत्या रकान्यात बसवायचे? यात मी कोणा एका व्यक्तीला दोष देत नाही. पण आपण जो काळ मोजतो तो इतका आखूड आहे, की झाकणाच्या कोळ्याइतके दीर्घायुषी असे काहीही त्यात मावतच नाही, हे नाकारता येणार नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. ती बिनखर्चाची आहे, हा तिचा पहिला गुण. आपल्या महाविद्यालयाच्या आवारातला कुठलाही एक लहान तुकडा निवडावा. कुंपणाजवळचा, गवत वाढलेला, कोणाच्या उपयोगाचा नसलेला असला तर उत्तमच. त्याच्या चार कोपऱ्यांना चार खुंट्या रोवाव्यात. वर्षातून दोनदा, पहिला पाऊस झाल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीआधी, त्या वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन जे दिसेल ते लिहावे: गवत कोणते, बिळे किती, मुंग्यांचे वारूळ कुठे, पाणी कुठे साचले. ज्याचे नाव ठाऊक नसेल त्याचे वर्णन लिहावे. नाव पुढच्या तुकडीला सापडेल. झाकणाचा कोळी निघेलच असे नाही. न निघाला तरी ती नोंदच आहे. वही ग्रंथालयात ठेवावी, घरी नेता येणार नाही अशा पुस्तकांच्या कपाटात. आणि दरवर्षी जाणाऱ्यांनी येणाऱ्यांच्या हातात ती समारंभाशिवाय द्यावी. उद्घाटन नको, फलक नको, फीत तर मुळीच नको. फलक लागला की काम झाले अशी आपली समजूत होते, म्हणून हे सांगतो.

यातला कठीण भाग पाहण्याचा नाही, देण्याचा आहे. बेचाळीस वर्षांची ती वही एका माणसाच्या आयुष्यात जेमतेम मावली, आणि अखेरची नोंद दुसरीच्या हाताने झाली. मेनबाईंनी वही स्वत:जवळ ठेवून घेतली असती, किंवा मेसन यांनी दुसऱ्याचा विषय कशाला म्हणून नाकारली असती, तर क्रमांक सोळा कधी मेली हे कोणाला कळले नसते; आणि ती कधी मेली हे न कळते तर ती इतकी जगली हेही कळले नसते. आपण मंडळी तीन वर्षांसाठी इथे येतो आणि निघून जातो. प्राध्यापक थोडे अधिक राहतात, मग तेही निवृत्त होतात. राहते ती जमीन, आणि आपण ठेवली तर एक वही.

पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ग्रंथालयाच्या मागच्या कुंपणापाशी चार खुंट्या आणि एक कोरी दोनशे पानी वही घेऊन मी उभा असेन. आणखी चार जण हवे आहेत. प्राणिशास्त्राची अट नाही. अक्षर मात्र वाचता येईल असे असावे.